कळपातला माणूस

सात आठवड्यांची पिल्लं बघणाऱ्याला सगळी सारखीच वाटतात. तीच गोल पोटं, तीच ओली नाकं, तोच दुधाळ वास. ऋतुजा मदनेला मात्र ती सारखी कधीच वाटली नाहीत. माणदेशातल्या राखणश्वान केंद्रात ती पिल्लांची परीक्षा घ्यायची, आणि ही परीक्षा म्हणजे नवख्याला पोरखेळ वाटावा असा प्रकार होता. पिल्लाला मोकळ्या आवारात एकटं सोडायचं. एका बाजूला माणूस मांडी घालून बसलेला, दुसऱ्या बाजूला जाळीआड दोन-चार मेंढ्या. मग कुणी काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं.

एखादं पिल्लू धडपडत माणसाकडे जाई आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बसे, हा आता काहीतरी सांगणारच अशा खात्रीनं. एखादं मेंढ्यांकडे जाई, जाळीला नाक लावी आणि तिथंच झोपून जाई. एखादं दोघांकडेही पाठ करून मुंग्यांची रांग न्याहाळत बसे. अशांना केंद्रात सगळे ‘तत्त्वज्ञ’ म्हणत आणि लवकरात लवकर गावात कुणाच्या तरी दारात बांधून टाकत. एका आईची, एका दुधावर वाढलेली भावंडं, पण स्वभाव तीन तऱ्हांचे. पिल्लाच्या छातीला बांधलेला पट्टा काळजाचे ठोके मोजायचा, ते कुणापाशी किती वेळ रमतं ते टिपायचा आणि संध्याकाळी कौल द्यायचा: हे माणसाचं, हे मेंढरांचं, हे स्वतःचंच. कौल सहसा चुकत नसे.

गंमत अशी की जे पिल्लू शिकवायला सगळ्यात सोपं, तेच राखणीला सगळ्यात कुचकामी. माणदेशातली गवताळ माळरानं सरकारनं राखीव केल्याला आता बरीच वर्षं झाली होती. गवत वाढलं, हरणं वाढली आणि त्यांच्या मागोमाग लांडगेही वाढले. लांडग्याला हात लावायची सोय नव्हती. तेव्हा कळपात राहील, कळपालाच आपलं घरदार समजेल आणि लांडगा दिसताच कुणालाही न विचारता त्याच्या अंगावर जाईल, असं कुत्रं हवं होतं. हुशार, आज्ञाधारक कुत्रं अशा वेळी आधी वळून मालकाच्या तोंडाकडे बघतं. तेवढ्यात कोकरू गेलेलं असतं.

मेंढरांचं म्हणावं असं पिल्लू एका वेतात एखादंच निघे, आणि ते मागणाऱ्या मेंढपाळांची रांग मोठी होती. त्या रांगेत बरेच मागे ऋतुजाचे वडील उभे होते.

सिदूआबा मदने, उभं आयुष्य मेंढरांमागं गेलेला माणूस. त्यांच्या काळजाची एक झडप निकामी होत चालली होती. साताऱ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करायला सांगितलं होतं, तेही दिवाळीनंतर कळप कोकणात उतरायच्या आधी, कारण आणखी एकदा घाट पायी उतरणं त्यांना झेपणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन मेंढरं कोन राखनार?”

दिवसा चारायला ऋतुजाचा मामेभाऊ नाना कोकरे तयार होता. पण नाना एकदा झोपला की त्याच्या उशाशी ढोल वाजवला तरी हलत नसे, हे अख्ख्या माळाला ठाऊक. “कुत्रं आनून दे,” आबा म्हणाले, “मग कापू दे डाक्टरला काय कापायचं ते.” मुलीनं किती समजावलं, पण त्यांचा हेका काही सुटला नाही.

म्हणून ऋतुजानं स्वतःचं कुत्रं द्यायचं ठरवलं.

त्याचं नाव भुऱ्या. पट्ट्यानं त्याला पहिल्याच दिवशी माणसाचं ठरवलं होतं, आणि तो माणूस म्हणजे ऋतुजा. त्याची सख्खी बहीण परीक्षेत मेंढ्यांपाशी झोपून गेली आणि कधीच एका कळपाबरोबर कामाला लागली. भुऱ्या मागे राहिला. बस म्हटलं की कसं बसायचं हे तो एका सकाळीत शिकला. ऋतुजाचा मूड गेलेला असला तर तिच्या आधी त्याला कळे. राखणीच्या कामात असा लाडोबा कुणाच्याच उपयोगाचा नव्हता. पण आता केंद्रात ‘पान्हा’ आला होता.

हे नाव कर्मचाऱ्यांनी दिलेलं. डॉ. फरीदा मुजावर यांनी तयार केलेल्या त्या नाकात मारायच्या फवाऱ्याचं खरं नाव कुणाच्या जिभेवर चढत नव्हतं. फरीदाताई ते सोपं करून सांगत. पिल्लाच्या मेंदूत जन्मानंतर काही आठवडे एक दार उघडं असतं. त्या काळात जे शेजारी असतं, ज्याचा वास येतो, ज्याची ऊब लागते, ते कायमचं आपलं होतं. मग मेंदूतल्या पेशींभोवती एक बारीक जाळी विणली जाते आणि दार लागतं. जे आत आलं ते आत, जे बाहेर राहिलं ते परकं. फवाऱ्यातला एक घटक ती जाळी थोडा वेळ सैल करायचा. दुसरा घटक म्हणजे आईला पान्हा फुटताना शरीरात जे स्रवतं त्याचंच रूप, ते जीव जडवायचं. मोठं झालेलं कुत्रंही एका दुपारपुरतं पुन्हा पिल्लू व्हायचं आणि त्या दुपारी ज्याचा वास नाकात जाईल त्याचं होऊन जायचं.

“आमची मानसं करत्यातच की हे,” आबा ऐकून म्हणाले होते. “मेंढीचं कोकरू मेलं तर त्येचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकराच्या पाठीवर टाकायचं. मेंढी हुंगती आन पाजती.”

“तेच आबा, फक्त कातड्याशिवाय,” ऋतुजा म्हणाली. जुनी ओढ त्यात पुसली जाते, हे मात्र तिनं त्यांना तेव्हा सांगितलं नाही. स्वतःलाही फारसं सांगितलं नव्हतं.

श्रावणातल्या एका दुपारी माळावरच्या तळावर तिनं भुऱ्याला वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवती लावतात त्या सुताच्या जाळीच्या कुंपणात नेलं. आबा आणि नाना सकाळीच गावात गेले होते. कोपऱ्यात तिनं मऊ अंथरूण घातलं, भुऱ्याला त्यावर बसवलं, त्याच्या नाकात फवारा मारला आणि मागं न बघता टेकडीपलीकडे निघून गेली. तो थोडा वेळ तिला हाका मारत भुंकला. मग गप्प झाला.

दुपार कलल्यावर ती परत आली. भुऱ्या कोकरांमध्ये अंग मुडपून पडला होता. त्यानं तिच्याकडे बघितलं, रस्त्यानं जाणाऱ्या एसटीकडे बघावं तसं. “भुऱ्या, बस,” ती म्हणाली. तो बसला नाही. त्यानं जांभई दिली आणि तोंड फिरवलं. ऋतुजानं केंद्राला प्रयोग यशस्वी झाल्याचं कळवलं आणि जीपमध्ये बसून हमसून हमसून रडली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. चांगली शिकलेली बाई कुत्र्यासाठी रडते म्हणून लोकांनी नाकं मुरडली असती.

काही आठवड्यांनी आबांचा फोन आला. आवाजात तक्रार होती, पण तिच्याआड कौतुक लपत नव्हतं. “रुतू, ह्यो कुत्रा मला लघवीलाबी एकलं सोडंना बग. जरा कळपापासनं लांब गेलो की आडवा येतोय. ढुंगनाला ढुशा दिऊन माघारी आनतोय.”

ऋतुजा हसली. मग एकदम तिचं हसू मावळलं. ती तशीच माळावर गेली आणि लांबून बघत उभी राहिली. मेंढरं चरत चरत पांगली, तरी भुऱ्याचं तिकडे लक्ष नव्हतं. आबा तंबाखू मळत दहा पावलं बाजूला गेले की हा उठलाच. त्याच्या हिशेबी या कळपातलं सगळ्यात म्हातारं आणि सगळ्यात भरकटणारं मेंढरू म्हणजे सिदूआबा.

भुऱ्याच्या छातीवरच्या पट्ट्यातली नोंद फरीदाताईंनी बघितली. मेंढ्यांजवळ असताना काळीज जरासं शांत, आबांजवळ असताना पुरतं शांत. “आबा तर तिथं नव्हते म्हणतेस,” त्या म्हणाल्या. “अंथरूण कशाचं होतं?”

“घोंगडी होती.”

“नवी?”

“नाही. आबांची.” ऋतुजा म्हणाली. “मेंढरांचा वास यावा म्हणून घातली होती.”

वासाच्या शास्त्रावर ज्या बाईची नोकरी चालते तिनं करायची ही चूक नव्हे. पण दुसऱ्या कुणी ती केलीही नसती. ऋतुजा सहा वर्षांची असताना आश्रमशाळेत गेली. कळप कोकणात, ती वसतिगृहात. सुट्टीत घरी आली की ती त्या घोंगडीत झोपायची, आणि लोकरीचा, धुराचा, तंबाखूचा, घामाचा तो वास म्हणजेच तिच्या लेखी मेंढरं होती. त्यात बाप किती आणि मेंढरं किती हे तिनं कधी वेगळं करून बघितलंच नव्हतं. कुत्र्यानं ते बरोबर वेगळं केलं.

“आणखी एकदा दार उघडता येईल,” फरीदाताई म्हणाल्या. “पण तिसऱ्यांदा नाही. आमच्याकडे एका कुत्रीवर तीनदा प्रयोग झाला. तिला आता सगळे सारखे. कुणीही आलं तरी शेपूट हलवते आणि कुणीही गेलं तरी तिला काही वाटत नाही. मला तिच्याकडे बघवत नाही, खरं सांगते.”

तेवढ्यात माळावर व्हायचं ते झालं. आबा औषध आणायला वाडीत उतरले. भुऱ्या त्यांच्या पाठोपाठ गेला, कळप नानावर सोडून. लांडग्यांनी भर दिवसा दोन कोकरं उचलली.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा गेली तेव्हा आबा बाभळीखाली बसले होते. भुऱ्या त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पडला होता. तिनं सगळं सांगितलं: घोंगडीची चूक, दुसरा फवारा, आणि या वेळी सगळं पुसलं जाईल हेही.

“मला वळखनार न्हाई?”

“नाही ओळखणार.”

आबा बराच वेळ कुत्र्याच्या कानामागं खाजवत राहिले. “नगं मग,” ते म्हणाले. “आपरेशन बी नगं. जायचंच हाय कवातरी.”

“आबा, असं काय करता?”

“काय करतो? उभा जलम मेंढरं राखली. दुसऱ्याची राखली, माझी राखली. मला कुनी राखलं न्हवतं, रुतू. ह्यो पयला.” ते तिच्याकडे न बघता बोलत होते. “रात बरी जाती. जाग आली की ह्येचा श्वास ऐकू येतो.”

ऋतुजाला हे लागलं. आपण दर महिन्याला गोळ्या पाठवतो, फोन करतो, डॉक्टरांची वेळ घेतो, हे राखणंच की, असं तिला म्हणायचं होतं. पण गोळ्यांच्या पाकिटाचा श्वास ऐकू येत नाही, हे तिलाही कळत होतं.

मग आबांनी विचारलं, “तुज्या अंगावर वाढलेला ह्यो. तुला वळखंना झाला तवा तुला कसं वाटलं?”

“वाईट वाटलं,” ती म्हणाली. “गाडीत बसून रडले मी. अजून कधीकधी सकाळी उठले की पायाशी त्याला शोधते.”

आबांनी मान हलवली. “तू साळंतनं पयल्यांदा दिवाळीला आलीस नव्हं, तवा मास्तरच्या मागं जाऊन हुबी ऱ्हायलीस. मी हात केला तरी येईनास. साबनाचा वास मारत व्हता तुज्या अंगाला. मला वाटलं, गेली पोर.”

“मग?”

“मग काय. दोन दिस गेलं, आलीस आपसूक. मानसाचं तसं असतंय. ह्येचं न्हाई ना तसं?”

“नाही,” ती म्हणाली. खोटं बोलायची ती वेळ नव्हती. “आपसूक नाही यायचा तो.”

खालच्या अंगाला एक मेंढी सारखी ओरडत होती. तिचं कोकरू गेलं होतं. ती वाघरीभोवती फिरत होती, थांबून हुंगत होती, पुन्हा ओरडत होती. आबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, ते ऋतुजानं बघितलं.

“ती कोकरं माज्यापायी गेली,” ते म्हणाले. “मीच मेंढरू हून बसलो तर मेंढरं कुनी राखायची? घाल फवारा.”

या वेळी ऋतुजानं कसलीही कसर ठेवली नाही. घोंगडी, काठी, आबांचं तांब्याभांडं, सगळं आधीच जीपमध्ये गेलं. वाघरीतली माती बदलली. अंथरायला नुकतीच कातरलेली लोकर घातली. भुऱ्या आबांना सोडून राहीना, म्हणून त्याला बांधावं लागणार होतं. नाना पुढे झाला, पण आबा म्हणाले, “मी बांधतो. माज्या हातनं बांधून घील त्यो.” आणि खरंच त्यानं निमूट बांधून घेतलं. वर आबांचा हातही चाटला. आबा जीपमध्ये जाऊन बसले, काचा वर केल्या आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत राहिले. ऋतुजा फवारा मारून आली. तिनं गाडी चालू केली.

ऑपरेशन झालं. नवी झडप बसली. आबा महिनाभर ऋतुजाच्या घरी राहिले. रोज अंघोळीला कुरकुरले, पंख्याच्या आवाजाला शिव्या दिल्या आणि फरीदाताई भेटायला आल्या तेव्हा त्यांना मेंढी किती दिवस गाभण असते यावर मोठं व्याख्यान दिलं. नानाचे फोन येत होते. भुऱ्या आता कळपापासून हलत नव्हता. दोनदा लांडगे आले आणि दोनदा रिकाम्या तोंडानं गेले. आबा हे ऐकत, मान डोलवत. पट्ट्याची नोंद ऋतुजा घरी बसून बघायची: मेंढरांत असताना काळीज पुरतं शांत. तिनं आयुष्यात काढलेला सगळ्यात स्वच्छ निकाल होता तो, पण आबांसमोर तो दाखवायची तिला छाती झाली नाही.

दिवाळी सरली. कळप कोकणात निघायचा दिवस आला, आबांशिवाय पहिल्यांदाच. “नुसतं लांबून बगून येतो,” ते म्हणाले. डॉक्टरांनी गाडीनं जायला परवानगी दिली होती.

माळाच्या कडेला नानानं घोड्यावर बिऱ्हाड लादलं होतं. मेंढरं एकत्र झाली होती आणि त्यांच्या पुढ्यात भुऱ्या बसला होता, अंगानं भरलेला, मानेभोवती खिळ्यांचा पट्टा. आबा गाडीतून उतरले. धुतलेला पांढरा सदरा, वर ऋतुजानं आणलेला स्वेटर. हळूहळू चालत ते कळपाकडे निघाले. ऋतुजा दोन पावलं मागं होती.

भुऱ्या उठला आणि चार पावलं पुढे येऊन आडवा उभा राहिला.

“भुऱ्या,” आबा हलकेच म्हणाले.

त्याचा कानसुद्धा हलला नाही. ओठ वर गेले, दात दिसले आणि घशातून खोल गुरगुर सुरू झाली. नाना धावत आला. “थांबा आबा, धरतो त्येला.”

“धरू नगंस.”

आबा एक पाऊल डावीकडे सरकले. भुऱ्या तेवढाच डावीकडे सरकला. ते उजवीकडे सरकले, तोही सरकला. “पाठ कळपाला, तोंड माज्याकडं,” आबा म्हणाले. “बराबर करतोय.”

कुत्र्याच्या मागे म्हाताऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या. त्यांना कुणी फवारा मारला नव्हता. एका हाकेचं काम होतं. टाळूला जीभ लावून आबा जो आवाज काढत, त्यावर अख्खा कळप काट्याकुट्यातून धावत येई, हे ऋतुजानं लहानपणापासून बघितलं होतं. आबांचे ओठ हललेले तिनं बघितले. ती वाट बघत राहिली. तिला मनापासून वाटत होतं की त्यांनी हाक मारावी, म्हणजे निदान मेंढरं तरी येऊन त्यांना बिलगतील.

आबांनी ओठ मिटले. मग नानाकडे बघून, निघा, अशी हातानंच खूण केली आणि माघारी वळले. ते बरेच लांब जाईपर्यंत भुऱ्या गुरगुरत होता.

गाडीत बसल्यावर ऋतुजाला राहवेना. “हाक का नाही मारलीत आबा? मेंढरांनी ओळखलं असतं तुम्हाला.”

“वळखलं असतं म्हनूनच न्हाई मारली.” त्यांनी स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले, लपवायचा प्रयत्नही केला नाही. “समदी माज्याकडं पळत आली असती, आन ते बिचारं मधीच हुबं ऱ्हायलं असतं. आता मी कुनाला राखू, म्हनून. एकदा माझा झाला, एकदा त्येंचा झाला. आता त्येला कुनी इचारू नये की तू कुनाचा.”

ऋतुजानं त्यांच्या हातावर हात ठेवला. बाहेर खुरांचा आवाज सुरू झाला, नानाची आरोळी आली, मग एकदा भुऱ्याचं भुंकणं. कळप उताराला लागून आवाज विरेपर्यंत आबा कान देऊन बसले होते.

मग ते म्हणाले, “चल आता. माज्या गोळीची येळ झाली.”